सुट्टी घ्या, पण सांगून!

नोव्हेंबर उजाडला की पुण्यातली बरीच लिहिती-बोलती तरुण मंडळी अचानक गप्प होतात. दर रविवारी एका किल्ल्याविषयी लिहिणारा मुलगा तीन-तीन रविवार दिसत नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे व्हिडिओ करणारी मुलगी ‘भाग दोन लवकरच’ म्हणते आणि तो भाग काही येत नाही. कॉलेजच्या जिन्यातलं भित्तिपत्रक दिवाळीच्या चित्रांसह फेब्रुवारीपर्यंत तसंच लटकत राहतं, टाचण्या गंजून जातात. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. सेमिस्टर, सबमिशन, इंटर्नशिप, घरातलं आजारपण, किंवा नुसता कंटाळा. यातलं एकही कारण खोटं नसतं.

थांबण्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती न सांगता थांबण्याबद्दल. तुम्ही ठरावीक दिवशी काहीतरी लोकांसमोर ठेवत असाल, मग तो लेख असो, व्हिडिओ असो, पॉडकास्ट असो की भित्तिपत्रक, तर तुम्ही एक छोटंसं नियतकालिक चालवताय. त्याचे वाचक चाळीस असतील नाहीतर चाळीस हजार. नियतकालिक चालू ठेवायला जशी हातोटी लागते, तशीच ते काही काळ थांबवायला आणि पुन्हा सुरू करायलाही लागते. पहिली हातोटी शिकवणारे पुष्कळ भेटतात. ‘सातत्य ठेवा’ हे तर उठता-बसता ऐकू येतं. दुसरी मात्र कोणी शिकवत नाही.

मग आपण काय करतो? दोनच गोष्टी करतो. एक म्हणजे फरफटत चालू ठेवतो. डोक्यात काही नसताना, डोळ्यांवर झोप असताना, केवळ रविवार आला म्हणून काहीतरी पाडतो. ते वाईट आहे हे आपल्यालाही कळतं आणि वाचकालाही. दुसरी गोष्ट म्हणजे गायब होतो. एक आठवडा चुकतो, त्याची लाज वाटते; त्या लाजेपायी दुसरा चुकतो; तिसऱ्या आठवड्यात ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ’ असं होतं आणि चांगलं चाललेलं काम भिजत घोंगड्यासारखं पडून राहतं. कितीतरी चांगली कामं बंद करायचं ठरवून बंद पडलेलीच नाहीत. ती आधी नुसती थांबली होती आणि नीट न थांबल्यामुळे पुढे संपली.

या दोन्हींच्या मधला रस्ता मराठी पत्रकारितेने सव्वाशे वर्षांपूर्वी चालून दाखवला आहे. त्याची सुरुवात आपल्याच गावात होते.

मंगळवार, ४ जुलै १८९९

‘पुनश्च हरिः ॐ’ हे शब्द तुमच्यापैकी अनेकांनी २०२० मध्ये पहिल्यांदा ऐकले असतील. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवायला सुरुवात झाली, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी हेच शब्द वापरले होते. वेदपठणाची सुरुवात ‘हरिः ॐ’ने होते. मध्ये खंड पडला की पुन्हा तिथूनच आरंभ. पण मराठी माणसाच्या तोंडी हे शब्द बसले ते एका अग्रलेखामुळे. ४ जुलै १८९९ च्या ‘केसरी’त लोकमान्य टिळकांनी लिहिलेल्या अग्रलेखाचं हे शीर्षक होतं.

त्याआधी काय झालं होतं ते बघा. २७ जुलै १८९७ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. ‘केसरी’तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला चालला आणि १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. ६ सप्टेंबर १८९८ रोजी, मुदतीच्या आधी, त्यांची सुटका झाली. तुरुंगवास ही काही सुट्टी नव्हे, हे सांगायला नकोच. त्यामुळे त्या वर्षभराची तुलना आपल्या परीक्षेशी करायचं कारण नाही.

खरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. सुटका सप्टेंबर १८९८ ची आणि अग्रलेख जुलै १८९९ चा. मध्ये दहा महिने गेले. बाहेर आल्याबरोबर दुसऱ्या मंगळवारी लेखणी उचलून ‘मी आलोय’ असं जाहीर करणं टिळकांना अवघड नव्हतं. लोक वाट बघतच होते. पण तुरुंगात प्रकृती पार ढासळली होती, वजन बरंच घटलं होतं. ते सिंहगडावर जाऊन राहिले, तब्येत सुधारली, डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले. आणि याच काळात, १८९८ च्या अखेरीस, त्यांनी एक ग्रंथ लिहून काढला: ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’. त्याचं मूळही तुरुंगातलंच. मॅक्स म्युलरने आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीची प्रत त्यांना पाठवली होती आणि रात्री काही तास ती वाचण्याची मुभा मिळाली होती. पुस्तक मात्र छापून आलं १९०३ मध्ये. म्हणजे लिहिल्यावर त्यांनी तेही चार वर्षं राहू दिलं.

या ग्रंथातले निष्कर्ष आज किती टिकतात हा वेगळा विषय. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की साप्ताहिकाच्या धबडग्यात जे लिहून झालं नसतं, ते थांबल्यामुळे लिहून झालं. पुढे मंडालेच्या कारावासातही हेच घडलं. १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं आणि टिळक परत आल्यावर १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रोजचं छापणं थांबतं तेव्हा मोठ्या कामाला जागा होते. आपल्यापैकी कोणी ‘गीतारहस्य’ लिहिणार नाही, पण जे छोट्या छोट्या तुकड्यांत कधीच मावत नव्हतं असं काहीतरी आपल्याही डोक्यात असतंच की.

आता दुसरी बाजू. संपादक तुरुंगात असताना ‘केसरी’ कोणी सांभाळला? नरसिंह चिंतामण केळकर. जन्म २४ ऑगस्ट १८७२. म्हणजे टिळकांना अटक झाली त्या दिवशी केळकरांना पंचवीस वर्षं पूर्ण व्हायला अजून महिना बाकी होता. साताऱ्याला वकिली करत होते, आदल्याच वर्षी टिळकांच्या हाताखाली काम करायला पुण्याला आले होते. ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ या दोन्ही पत्रांचा भार या तरुणावर येऊन पडला, आणि अंक निघत राहिले. १९०८ मध्ये टिळक पुन्हा गजाआड गेले तेव्हा आधी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी आणि मग पुन्हा केळकरांनी सूत्रं हाती घेतली.

टिळक परत येऊ शकले, कारण परत यायला जागा शिल्लक होती. ती जागा राखणारा माणूस आदल्या वर्षीच तयार झालेला होता.

लंडनला गेलेला संपादक

आता दुसरं उदाहरण. यातली व्यक्ती तर आपल्यासारखीच, शिक्षण पुरं करायचं म्हणून थांबलेली.

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झालं. त्यामागे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वय २८. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं होतं, सुरुवातीच्या अंकांचे अग्रलेख आंबेडकरांचे. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. आणि सहाच महिन्यांत, जुलै १९२० मध्ये, आंबेडकर लंडनला निघून गेले.

वाचकांना सोडून गेले का? नाही. त्यांचं एक शिक्षण अर्धवट राहिलं होतं. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास सोडून त्यांना परतावं लागलं होतं. पण निघताना त्यांनी एक गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन काम पूर्ण करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मुंबईत शिकवून पैसे साठवले आणि मुदतीच्या आत ते पुन्हा लंडनला पोहोचले. एम.एस्सी. आणि बॅरिस्टरी करूनच १९२३ मध्ये परतले. नीट थांबणं म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार? जाताना दार लोटून घेतलं, पण कडी घातली नाही.

‘मूकनायक’चं मात्र तसं झालं नाही. आंबेडकरांच्या मागे ज्ञानदेव घोलप यांनी ते चालवलं, पण १९२३ मध्ये ते बंद पडलं. इथे कोणावर बोट ठेवण्याआधी परिस्थिती बघायला हवी. ‘केसरी’मागे तोवर चाळीस वर्षांचा जम होता, छापखाना होता, वर्गणीदार होते. ‘मूकनायक’चा वाचकवर्ग गरीब होता आणि त्यातल्या बहुसंख्यांना अक्षरओळखच होऊ दिलेली नव्हती. पैसे द्यायची तयारी असूनही ‘केसरी’त ‘मूकनायक’ची जाहिरात छापली गेली नाही, असं आंबेडकरांनी पुढे स्वतः नमूद केलं आहे. म्हणजे थांबणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याच्यामागे माणसं, पैसा आणि जागा आहे त्याला विश्रांती स्वस्त पडते. ज्याच्यामागे काही नाही, त्याची एक सुट्टी सगळंच संपवू शकते.

आणि तरीही गोष्ट १९२३ मध्ये संपली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी आंबेडकरांनी नवं पाक्षिक काढलं, ‘बहिष्कृत भारत’. त्याच्या पहिल्या अंकातल्या अग्रलेखाचं शीर्षक होतं ‘पुनश्च हरिः ॐ’. तेच शब्द, अठ्ठावीस वर्षांनंतर. ज्यांना वेदांचं पठण ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्या पत्राने वेदपठणाच्या आरंभाचे शब्द उचलले आणि ‘आम्ही पुन्हा सुरू करतोय’ असं सांगितलं. नाव नवं, मधली चार वर्षं कोरी, तरी हे ‘मूकनायक’चंच पुढचं पाऊल आहे हे त्या शीर्षकाने जाहीर केलं.

‘बहिष्कृत भारत’ही १९२९ मध्ये थांबलं. सगळे रकाने एकहाती भरण्याचा भार किती जड असतो, याबद्दल आंबेडकरांनी त्याच पाक्षिकात लिहिलं आहे. पण १९३० मध्ये ‘जनता’ आलं आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. चार नावं, मध्ये खंड, पण काम एकच.

पाटी लावा, किल्ली द्या

मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या. आता तुमच्या-आमच्याकडे येऊ.

गावाला जाताना आपण घर कसं बंद करतो? दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगतो. गॅस बंद करतो. एक किल्ली शेजारच्या काकूंकडे देतो. कुंड्यांना पाणी घालायला सांगतो. कधी येणार ते सांगतो. आणि मग निर्धास्त जातो. तुमच्या कामाची सुट्टीही अगदी अशीच घ्यायची.

सगळ्यात आधी सांगा. पुण्यातल्या दुकानांच्या ‘दुपारी १ ते ४ बंद’ या पाटीवर आपण इतके विनोद करतो, पण त्या पाटीत एक मोठा प्रामाणिकपणा आहे. बंद कधी होणार हे ती सांगते आणि उघडणार कधी हेही सांगते. तुमची पाटीही तशीच दोन ओळींची असू द्या. ‘परीक्षा आहे. १५ डिसेंबरपर्यंत नवं काही येणार नाही.’ बस. कारण खासगी असेल तर ‘घरच्या अडचणीमुळे’ एवढं पुरतं, आजाराचे रिपोर्ट कोणी मागत नाही. तारीख नक्की नसेल तर ‘नवीन वर्षात कळवतो’ म्हणा, आणि नवीन वर्षात खरंच कळवा, मग ‘अजून महिनाभर लागेल’ एवढंच का असेना. ‘लवकरच’ हा शब्द मात्र टाळा. त्याच्याइतका फसवा शब्द मराठीत दुसरा नाही.

पाटी लावण्याआधी उधारी चुकती करा. मालिकेचा तिसरा भाग कबूल केला असेल तर तो देऊन थांबा, नाहीतर तो कधी येईल ते सांगा. कोणाकडून काही कामाचे पैसे घेतले असतील तर ते काम आधी. कोणाची मुलाखत घेऊन ठेवली असेल तर त्या माणसाला फोन करून कळवा की प्रसिद्ध व्हायला वेळ लागेल. वाचक एखादवेळी विसरेल, पण दोन तास काढून तुमच्याशी बोललेला माणूस विसरत नाही.

मग किल्ली द्या. एकट्याने चालवणाऱ्यांना हा मुद्दा आपला वाटत नाही, पण तो त्यांच्याच सगळ्यात कामाचा आहे. तुमच्या मागे आठवड्यातून एकदा डोकावून बघणारा एक माणूस हवा. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देईल, कोणी घाण लिहून गेलं तर काढून टाकेल, काही गंभीर असेल तर तुम्हाला फोन करेल. त्याला मुख्य पासवर्ड देऊ नका, मर्यादित अधिकार देता येतात तेवढेच द्या. आणि हे काम अटकेच्या दिवशी करता येत नाही हे केळकरांच्या उदाहरणावरून लक्षात घ्या. माणूस आधी जवळ आणावा लागतो. कॉलेजच्या एकांकिकांचे संघ हेच करतात. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत पहिल्या वर्षाची मुलं आधी सेट उचलतात, प्रकाशयोजना बघतात आणि तिसऱ्या वर्षी तीच दिग्दर्शन करतात. म्हणून तर टीवायची बॅच बाहेर पडली तरी संघ उभा राहतो. भित्तिपत्रक मात्र एका हौशी मुलीच्या जिवावर चालतं आणि ती पास झाली की संपतं.

किल्लीनंतर येतं कुंड्यांना पाणी. म्हणजे अगदी लहान, पण न चुकणारी एक गोष्ट. २०२० ची आषाढी आठवते? तीनशे वर्षांहून जुनी पालखीची वाट त्या वर्षी सुनी होती. लाखो वारकऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच चाललं नाही. पण पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला पोहोचल्या. २०२१ मध्येही बसनेच गेल्या. सोहळा लहान झाला, परंपरा तुटली नाही, आणि २०२२ मध्ये पुण्याचे रस्ते पुन्हा भरून वाहिले. तुमच्या कामातली ‘एसटीतून पादुका’ कोणती, ते ठरवा. दर रविवारचा लेख जमणार नसेल तर महिन्यातून एक छायाचित्र आणि एक ओळ जमेल? तेही जमणार नसेल तर नको. पण जमेल असं ठरवलंत, तर चुकवू नका.

शिवाय जुनं काम कामाला लावा. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. ज्यांचे आईवडील ते अंक वाचत वाढले, ती मुलं आज तेच अंक चाळतात. म्हणजे चांगलं काम जुनं झालं म्हणून संपत नाही, फक्त ते सापडायला हवं. सुट्टीवर जाण्याआधी तुमचे सगळ्यात चांगले दहा लेख किंवा व्हिडिओ निवडा, ओळीने लावा आणि वर लिहा: ‘नवीन आला असाल तर इथून सुरुवात करा.’ तुम्ही अभ्यास करत असताना ते दहा जण तुमच्या वतीने बोलत राहतील.

आणि शेवटी, साठवा. खिशात एक वही ठेवा. सुचलेलं लिहा, छापू नका. सुट्टीत सुचलेलं लगेच लोकांसमोर मांडायची खुमखुमी येते. ती आवरली की विचार मुरतो, लोणच्यासारखा.

लोक विसरतील का?

ही भीती खोटी नाही. काही लोक विसरतीलच. आकडे खाली येतील. ज्या ॲपवर तुम्ही काम ठेवता, त्याला तुमच्या परीक्षेशी काही देणंघेणं नसतं. जो रोज टाकतो तो पुढे जातो. शिवाय आज पुण्यात अशीही मुलं-मुली आहेत ज्यांच्या खोलीचं भाडं याच कामातून निघतं. त्यांना ‘मस्त ब्रेक घ्या’ हा सल्ला देणं सोपं आहे, पाळणं कठीण. त्यांच्यासाठी उपाय एवढाच की सुट्टीचा खर्च आधी जमा करावा. चार भाग आधीच तयार करून ठेवावेत आणि महिनाभर एकेक सोडावा. आंबेडकरांनीही लंडनला परतण्याआधी सिडनहॅममध्ये नोकरी करून पैसे साठवलेच होते.

पण विसरण्याच्या भीतीला एक पुणेरी उत्तरही आहे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या डिसेंबरात तो ६७ वा होता. मग साथ आली. २०२० आणि २०२१ हे दोन डिसेंबर स्वरांविना गेले. डिसेंबर २०२२ मध्ये महोत्सव पुन्हा भरला तेव्हा तो होता ६८ वा. मधल्या दोन वर्षांची शिल्लक कोणी मांडली नाही, आकडा पुढचाच धरला. आणि शाली, थर्मास, चटया घेऊन लोक पुन्हा आले. ज्यांना खरंच ऐकायचं होतं ते विसरले नव्हते.

तुमचे वाचक सवाईच्या रसिकांइतके निष्ठावान नसतील. पण चाळीसातले पंधरा तरी थांबतात, आणि ते पंधराच तुमचे असतात. बाकीचे पंचवीस समोर आलं म्हणून बघत होते. ही गाळणी सुट्टीशिवाय लागत नाही.

आणखी एक शक्यता मोकळेपणाने मान्य करायला हवी. सुट्टीत कदाचित तुमच्या लक्षात येईल की हे काम आता नकोच आहे. तेही ठीक. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केलं, साडेआठ वर्षं चालवलं आणि १८४० मध्ये थांबवलं. त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं. आज ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो तो ‘दर्पण’च्या पहिल्या अंकाचा, आणि ते पुढे बंद झालं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही. संपवायचं असेल तर निरोपाच्या चार ओळी लिहून संपवा. अर्धवट उघडं, अर्धवट बंद असं दुकान चालवण्यापेक्षा ते कितीतरी सभ्य.

परत येताना

परतण्याची तारीख अपराधीपणाला ठरवू देऊ नका. टिळकांना दहा महिने लागले. पाटीवरची तारीख जवळ आली आणि सांगण्यासारखं काही नसेल, तर पाटी बदला. पण सांगण्यासारखं असेल तर ‘सगळं परफेक्ट झालं की’ म्हणून पुढे ढकलू नका. तो दिवस येत नाही.

आल्यावर माफीनामा लिहीत बसू नका. ‘सॉरी, खूप दिवस भेटलो नाही, खूप बिझी होतो’ असं म्हणत पहिली पाच मिनिटं घालवणारे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत आणि पुढेही ढकललेत. ‘पुनश्च हरिः ॐ’ या शब्दांत माफी नाही. त्यात ‘पुनश्च’ आहे, म्हणजे मध्ये खंड पडला होता याची कबुली आहे, आणि लगेच ‘हरिः ॐ’ आहे, म्हणजे पाठ सुरू झाला आहे. एवढी कबुली पुरे. त्यानंतर सरळ कामाचं बोला. सुट्टीत काय वाचलं, काय पाहिलं, काय बदललं, त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट पहिल्याच दिवशी द्या. दोन महिने वाट बघितलेल्याला शिळं वाढू नये.

सेमिस्टर परीक्षांचं वेळापत्रक लागलं असेल किंवा लागायच्या बेतात असेल. अभ्यासिकेत जागा धरायची धावपळ सुरू असेल. तर मग आज रात्री दहा मिनिटं काढा. दोन ओळींची पाटी लिहा, तारीख घाला, एका मित्राला किल्ली द्या. जिन्यातल्या त्या भित्तिपत्रकावरही एक कागद टाचा: ‘पुढचा अंक जानेवारीत.’ आणि मग मन लावून अभ्यासाला बसा. जानेवारीत आम्ही वाचायला येऊ.